निळ्या फुलांचा खोडवा

बाईंच्या घरी भाड्याने राहायला गेले, त्या दिवशी त्यांनी मला जिन्याच्या पायथ्याशी उभं करून दोन गोष्टी बजावल्या. पहिली, काकू म्हणायचं नाही. काकू म्हटलं की लोक वाटी घेऊन साखर मागायला येतात, बाई म्हणायचं. दुसरी गोष्ट खोलीबद्दल होती. "तुझं लग्न ठरेल नाहीतर नोकरी दुसऱ्या गावाला जाईल, तोवर वरची खोली तुझी. बोलणं चालू असताना मी लाइन तोडत नसते."

हे लाइनचं प्रकरण काय ते मला हळूहळू कळलं. बाईंचा सगळा जन्म मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेला होता. मग जिकडेतिकडे एसटीडी आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ झाले आणि बाईंचं कामच संपलं. त्या वेळेआधी निवृत्त झाल्या, पण कानावरचा हेडफोन काही उतरला नाही. दारात कुणी आलं की 'होल्ड करा' म्हणायच्या आणि हातातली भाजी चिरून होईपर्यंत त्याला खरोखर ताटकळत ठेवायच्या. लांबण लावणाऱ्याला, ट्रंक कॉलची मुदत संपल्यासारखं, 'तीन मिनिटं झाली, वाढवू?' असं विचारायच्या. शेजारीण एकदा नळावरून भांडायला आली, तर तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, 'पलीकडून उत्तर येत नाही' म्हणाल्या आणि दार लावलं. गल्लीत त्यांना कुणी शहाणं समजत नसे.

मला मात्र त्या वेड्या असल्या तरी चालणार होत्या. जवळच्या पावणे गावातल्या एका खोक्यांच्या कारखान्यात मला ऑफिसात नोकरी लागली होती आणि एकट्या मुलीला खोली द्यायला कोपरखैरण्यात कुणी तयार नव्हतं. एका घरमालकाने तर वडील सोबत कधी राहायला येणार, असं विचारलं. बाईंनी विचारलं ते एवढंच, की रात्री नळ नीट बंद करतेस ना.

आमची गल्ली बैठ्या घरांची. सगळी सारख्या मापाची, पुढे चार पावलांची मोकळी जागा. पण माणसं राहायला आली आणि एकेकाने पुढची जागा खाऊन टाकली. कुणी ग्रिल बसवलं, कुणी स्लॅब टाकला, कुणी दुकान काढलं. बाईंनीही वर एक खोली बांधली होती, पण पुढच्या मातीला हात लावला नव्हता. दोन्ही बाजूंच्या भिंती पुढे आलेल्या आणि मधे बाईंचं अंगण, अशी ती जागा गल्लीच्या तोंडात दात पडल्यासारखी दिसायची. समोरचे साताऱ्याकडचे गृहस्थ, बाजारात माथाडीचं काम करणारे, येताजाता सुचवायचे की बाई, निदान वांगी तरी लावा. बाई म्हणायच्या, "वांगी बाजारात मिळतात की."

त्यांना निळं फूल हवं होतं. त्याचं नाव साल्व्हिया, आणि ते त्यांच्या डोक्यात घातलं ते 'पुणे'ने. पुणे म्हणजे पुण्याच्या एक्स्चेंजमधली त्यांची जोडीदारीण. वीस-एक वर्षं दोघी रोज एकमेकींशी बोलल्या, पण तोंड कधी पाहिलं नाही. ही तिला 'पुणे' म्हणायची, ती हिला 'मुंबई'. निवृत्त झाल्यावर पुणेने बागेचा नाद धरला आणि गणपतीच्या सुमाराला पाकिटातून चिमूटभर बी पाठवलं. तुळशीच्या मंजिरीला निळा रंग दिला तर कशी दिसेल, तसं फूल येतं असं ती म्हणाली होती. पण बाईंना भुलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. हे झाड एकदा लावलं की दरवर्षी नव्याने पेरावं लागत नाही. छाटलं की त्याच बुडख्यातून पुन्हा येतं.

"म्हणजे खोडवाच की गं," बाई म्हणाल्या. त्या कराडकडच्या, ऊसवाल्यांची लेक. ऊस तोडला की जमिनीत राहिलेल्या खोडातून दुसरं पीक येतं, त्याला तिकडे खोडवा म्हणतात. बाईंचं लग्न झालं आणि त्या चाळीतून चाळीत, भाड्याच्या खोलीतून भाड्याच्या खोलीत हिंडत राहिल्या. कुंडीत लावलेलं झाड दुसऱ्या वर्षी बघायला मिळालं असं एकदाही झालं नाही, कारण तोवर बिऱ्हाड हललेलं असे. आता घर स्वतःचं होतं. आता त्यांना एक तरी खोडवा बघायचा होता.

पहिली पेरणी फुकट गेली. बाईंनी शेतकऱ्याच्या लेकीला शोभेल अशी दोन बोटं खोल रेघ ओढली, बी टाकलं, वरून माती लोटली आणि हाताने दाबून घट्ट केली. दसरा झाला तरी मातीवर काही दिसेना. रोज सकाळी त्या तिथे बसून असायच्या आणि मी कामाला निघाले की माझ्यावरच डाफरायच्या. शेवटी मला घेऊन बूथवर गेल्या आणि पुण्याला फोन लावला. काचेतून मला नुसता त्यांचा चेहरा दिसत होता. तो आधी रागाने लाल झाला आणि मग शरमेने.

घराशी आल्यावर म्हणाल्या, "झाकायचं नसतंय म्हणे. त्याला उजेड लागतो. आम्ही आपलं गाडून टाकलं जिवंत."

पाकिटात आता जेमतेम नखावर मावेल एवढं बी उरलं होतं. ते गेलं असतं तर पुणेकडेही दुसरं नव्हतं. बाईंनी आइसक्रीमच्या डब्याला तापल्या दाभणाने भोकं पाडली, चाळलेली माती आणि वाळू भरली, डबा पाण्याच्या परातीत ठेवून माती खालून भिजवली, आणि बी वर नुसतं पसरलं. इस्त्रीच्या फवाऱ्याने एकदा पाणी उडवलं, तेवढ्याने एकेका बियाभोवती सब्ज्यासारखं बुळबुळीत कवच धरलं. ओल टिकावी म्हणून डब्यावर काच हवी होती. बाईंनी भिंतीवरचा यजमानांचा फोटो उतरवला, मागचे खिळे काढले, काच डब्यावर ठेवली आणि फोटो तसाच उघडा पुन्हा टांगला. मी बघत राहिले, तर म्हणाल्या, "त्यांना काय होतंय? धूळ बसेल थोडी."

बी आठवड्याभरात उगवलं. टाचणीच्या डोक्याएवढी पानं, मोजताही येईनात इतकी. आणि एका सकाळी अर्धी रोपं मानेपाशी काळी पडून आडवी झालेली. ओल जास्त झाली की बुरशी धरते. बाईंनी काच काढून फवारा कपाटात ठेवला आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन डब्यासमोर लावला. दिवाळीनंतरचा उकाडा, आणि ही बाई घामाघूम होऊन बसलीय आणि वारा घेताहेत रोपं. त्यातून सहा वाचली. सहाच. ती अंगणात गेली त्या दिवशी यजमानांची काच पुसून पुन्हा फोटोला बसवण्यात आली.

माघ सरताना सहाही झाडांना निळे तुरे आले. फार काही मोठे नव्हते. पुणेने आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या वर्षी हे झाड नुसती हजेरी लावतं, खरं फुलतं ते दुसऱ्या वर्षी. तरी गल्लीतली माणसं थांबून बघायची. वैशाखात तुरे वाळले तेव्हा बाईंनी चार बोटं खोड ठेवून सगळी झाडं छाटली. मला तर ते बघवलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा आणि सून आली. मुलाला मी दादा म्हणायचे. तो तुर्भ्याला एका कंपनीत सुपरवायझर होता आणि ठाण्याला भाड्याच्या एका खोलीत राहायचा. वहिनींना दिवस गेले होते, आणि ठाण्याचा मालक खोली रिकामी करा म्हणून मागे लागला होता. म्हणजे आईकडेच राहायला येणं भाग होतं. बाईंचं खालचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात चार माणसं कशी मावणार, यावर खाली दार लावून बराच वेळ बोलणं झालं. मला वर नुसते आवाज ऐकू येत होते. दादाचा चढलेला आणि बाईंचा एका पट्टीतला.

संध्याकाळी बाईंनी मला निकाल सांगितला. दादाला पुढच्या अंगणात खोली बांधायची होती, आणि त्या पाऊस सरेपर्यंत थांब म्हणाल्या होत्या. "खोडवा फुटला तर अंगण राहील. मी स्वयंपाकघरात पथारी टाकीन, माझी खोली त्यांची. नाही फुटला तर त्याने खुशाल भिंती चढवाव्यात, मी एक शब्द बोलणार नाही."

दादाने दुसऱ्याच दिवशी ट्रकभर विटा आणून फाटकाशी रचल्या आणि वर निळं प्लास्टिक बांधलं. येताजाता त्या ढिगाला वळसा घालूनच घरात शिरावं लागायचं.

पावसाळ्यात तिथे काही जगेल यावर माझा विश्वास नव्हता. आमची वसाहत खाडी बुजवून केलेली. भरती आणि पाऊस एका वेळी आले की गटारं उलटी वाहायची. या झाडाला पाण्यात पाय ठेवलेले चालत नाहीत. मूळ कुजतं. बाईंनी दादाच्याच विटा एकेक करून पळवल्या, वाफ्याला चहूबाजूंनी कठडा केला, माती उकरून खाली खडी घातली. पाणी चढायला लागलं की पदर खोचून टमरेलाने उपसत बसायच्या. मीही कितीदा उपसलं. सहाचे सहा खुंट काळपट, ओले, मेलेल्या काटकीसारखे. आषाढ गेला, श्रावण लागला, एकावरही हिरवा ठिपका नाही.

दादा दर रविवारी येत असे. आला की आधी वाफ्यापाशी जायचा, आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसायचा, मग नळावर हात धुऊन आत यायचा आणि मुकाट्याने चहा प्यायचा. खुंटांबद्दल तो बोलायचा नाही, बाई विचारायच्या नाहीत. कपबशीचा आवाज तेवढा व्हायचा. बाई खिडकीच्या गजांतून त्याची पाठ बघत राहायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "माप घेतोय."

गल्ली तर बोलायला मोकळीच होती. फुलांपायी नातवंडाला जागा नाही, म्हातारपणी थेरं सुचताहेत, असं नळावर चालायचं आणि मी दिसले की थांबायचं. वहिनी ठाण्याहून इकडच्या डॉक्टरकडे येत आणि दाखवून झालं की बाईंकडे बाजेवर निजून असत. पाय सुजलेले. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, फुलं काय, कुंडीतसुद्धा येतील. बाईंनी मान वर केली, "होल्ड कर," म्हणाल्या आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा मला तेव्हा खरोखर राग आला होता.

भाद्रपदात वहिनींची आई रत्नागिरीहून आली. लेकीला सातवा लागला होता, आणि गौरीही बाईंकडेच बसायच्या होत्या. गौरी आणायच्या दिवशी बाई सकाळीच बाजारात गेल्या. मला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. दुपारी परतले तर अंगण लख्ख झाडलेलं, शेणाचा सडा घातलेला, फाटकापासून उंबऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं उमटवलेली. आणि वाफा रिकामा. सहा खड्डेसुद्धा हाताने सारखे केलेले.

विहीणबाई पायरीवर बसून हात धूत होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "वाळक्या काटक्या होत्या गो. गौर येताना दारात वाळकं झाड ठेवू नये. आमच्याकडे चालत नाही." त्यांच्या मनात काही नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. लेकीचं सातव्या महिन्याचं पोट, देवी घरात यायची, आणि दारात सहा मेलेले खुंट. त्यांनी आईने करावं तेच केलं होतं.

मागून बाई आल्या. हातात हळदीची पानं आणि तेरड्याची जुडी. त्यांनी वाफा बघितला, विहीणबाईंकडे बघितलं, आणि मला वाटलं आता काहीतरी होणार. पण त्या म्हणाल्या, "बरं केलंत. आत चला, गौरीची वेळ होईल." एवढंच. त्यांचा आवाजसुद्धा हलला नाही, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं.

मी धावत कचराकुंडीकडे गेले. खुंट वरच होते. मुळांना माती चिकटलेली. आणि मातीखालच्या बुडाशी, जिथे कुणाची नजर गेली नसती, तिथे पांढुरके, तांदळाच्या दाण्याएवढे कोंब. सहापैकी पाचांवर. उसाच्या कांड्यावर डोळे फुटतात तसे. खोडवा फुटला होता. आणखी आठ दिवस मिळते तर मातीवर आला असता.

ओंजळीत ते घेऊन मी फाटकात शिरले तेव्हा दादा स्कूटर लावत होता. त्याने ओंजळीत बघितलं आणि रिकाम्या वाफ्याकडे बघितलं. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी कोंब दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक खुंट फिरवून पाहिला.

"फुटला होता," त्या म्हणाल्या. "पण आता जमिनीत नाही. मी शब्द दिलाय. तू तुझी खोली बांध."

दादा तिथेच विटांवर बसला. "मला माहीत होतं, आई."

"काय माहीत होतं?"

"जिवंत आहे ते. दर रविवारी नख लावून बघत होतो. वरून काळं, पण सालीखाली हिरवंच होतं. आषाढापासून हिरवं होतं." त्याने मान खाली घातली. "आजोबांनीच शिकवलंय की उसाचं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू जिंकलीस म्हणून सांगू, आणि तुला स्वयंपाकघरात जमिनीवर झोपवू? मला खोली बांधायची हौस होती का? मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, वरची खोली रिकामी करून घे. एक नोटीस द्यायची, विषय संपला. तू म्हणालीस, पोरीला शब्द दिलाय. सांग ना तिला. तिच्यासाठी तू आपलं अंगण लावलंस पणाला."

बाईंनी त्याला हाताने थांबवलं, पण ते व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी हातात खुंट धरून उभी होते आणि मला पाय कुठे ठेवावा कळत नव्हतं. वैशाखातलं ते दारामागचं बोलणं माझ्याबद्दल होतं. गल्लीने चार महिने थुंकावं तसं बोलून घेतलं, मी स्वतः त्यांना फुलांवरून ऐकवलं, आणि या बाईने एकदाही, एका अवाक्षराने, मला ते कळू दिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

आतून विहीणबाईंनी हाक मारली, गौर उंबऱ्याशी आणायची वेळ झाली होती. बाईंनी माझ्या हातातले खुंट घेऊन दादाच्या हातात दिले. "मुळं सुकतील. ओल्या फडक्यात गुंडाळ," म्हणाल्या, पदराने हात पुसले आणि गौर घ्यायला गेल्या.

गौर आत गेल्यावर दादाने स्वतः खुरपं घेऊन पाचही खुंट पुन्हा लावले. कोंबांवर माती येऊ दिली नाही. विहीणबाईंना कळलं तेव्हा त्या कितीतरी वेळ वाफ्याशी बसून होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाचांभोवती रांगोळीची रेघ ओढली. दोन खुंट गेले, तिघांनी जीव धरला. विटांचा ढीग दादाने पितृपक्ष संपताच परत पाठवला. पण दादा-वहिनी राहायला आले आणि बाईंनी आपली पथारी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, ओल्या फरशीवर, सांधे दुखत असताना. वरच्या खोलीचा विषय त्यांनी काढलाच नाही, आणि त्या कधी काढणारही नव्हत्या.

वाशीला नोकरी करणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथे मला दसऱ्यानंतर एक खाट मिळाली. मी खाली उतरले तेव्हा बाई वाफ्याशी बसून होत्या. तिन्ही खुंटांना जोडीजोडीने पानं आली होती. मी निघते म्हटलं असतं तर त्यांनी मला जिन्यावर परत हाकललं असतं हे मला माहीत होतं. लाइन त्या तोडणार नव्हत्या. तोडू शकत होतं ते फक्त बोलणारं माणूस.

"बाई," मी म्हटलं, "माझं बोलणं झालं. मीच फोन ठेवते."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, सरळ उभ्या राहिल्या, आणि जन्मभर अनोळखी माणसांना ज्या आवाजात विचारलं असेल त्याच आवाजात त्यांनी मला विचारलं, "कॉल पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा वाफ्याकडे वळल्या. खुरपं मातीत घातलं, पण उकरलं काहीच नाही. "वाढवला असता गं मी," म्हणाल्या.